विझणारी मेणबत्ती

तिचं नाव मी विचारलं नाही. मृतांच्या स्मरणदिनी ख्रिस्ती मित्राबरोबर खोपोलीच्या दफनभूमीत गेलो होतो. शेजारच्या कबरीवर ती मेणबत्ती लावत होती. घाटावरचा वारा ती विझवायचा. बाई पदराचा आडोसा करून पुन्हा लावायची.

"नवरा दारूनं गेला. लोक म्हणतात, नरकातच आसंल," ती आपणहून म्हणाली. "साजगावला लोखंडाच्या भट्टीवर कामाला व्हता. भंगार आगीत टाकतात ते मळ काढायला. फादर सांगतात, स्वर्गाआधी माणसाला पण तसंच शुद्ध करतात. तवर आमी प्रार्थना करायची."

"आणि खरंच नरकात असला तर?" मी आगाऊपणे विचारलं.

मेणबत्ती पुन्हा विझली होती. तिनं काडी ओढली.

"तसं देवानं मला सांगावं. लोकांनी नाय."