उघाडी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. सांगताना उगाच मान खाली घालत नाही. पण क्षमा म्हणजे काय हे मला कॉलेजात जायच्या आधीच, कासूच्या खाडीकडच्या शेतात कळलं.

गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. महिन्यातून एका रविवारी पेणहून पाळक यायचे, ओटीवर उपासना व्हायची, प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा. बाकी आम्ही भातशेती करणारे, गावासारखेच.

खाडीच्या बांधाला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी सोडायचं, भरतीला बंद करायची. घराघराची पाळी असे. त्या अनंत चतुर्दशीला पाळी शेजाऱ्याची होती. उघाडी उघडी टाकून तो पेणला विसर्जन बघायला गेला. भरतीआधी येऊ म्हणाला. उधाणाची भरती त्याच्या आधी पोहोचली. उघाडीला लागून आमचं शेत, निसवलेलं, लोंब्या धरलेलं भात खाऱ्या पाण्यात बुडालं. त्याचं शेत वरच्या अंगाला, ते वाचलं.

गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. वडिलांनी महिनाभरात राग मनातून काढून टाकला. आईला ते जमेना. उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर' हे वाक्य आलं की ती गप्प व्हायची, आणि पुढच्या वाक्याला परत सूर धरायची. प्रभुभोजनाला तर बसेचना. पाळकांनी समजावलं, तेव्हा म्हणाली, "देवासमोर खोटं कसं बोलू?"

पुढच्या आषाढात लावणी सुरू झाली. आमच्याकडे लावणी सावडीने होते, आज तुमच्या शेतात सगळे, उद्या माझ्या. शेजाऱ्याच्या शेतात कोणी उतरलं नाही. तो आणि त्याची बायको दोघंच वाकलेले, आणि रोपं पिवळी पडायला लागलेली. आई दोन दिवस बांधावरून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने पदर खोचला आणि चिखलात उतरली.

शेजारीण म्हणाली, "तू कशाला आलीस गो? तुझं शेत आमच्यापायी खारवलं."

"म्हणून तर हात रिकामे हायत," आई म्हणाली. "राग हाय अजून. तो रोपांवर कशाला काढू?"

शेजाऱ्याशी ती अक्षर बोलली नाही. गावच्या बायकांनी टोमणे मारले, हिला लय पुळका आलाय म्हणून. संध्याकाळपर्यंत आई लावतच राहिली. तरी पुढच्या उपासनेत त्या वाक्याला ती गप्पच होती. काम करणं वेगळं, माफ करणं वेगळं, हे तिच्यापुरतं स्पष्ट होतं.

आमच्या शेतातलं मीठ धुवायला आणखी एक पावसाळा गेला. मग आमची लावणी आली, तेव्हा उजाडायच्या आत शेजारी येऊन वाफ्यातली रोपं खणून त्यांच्या जुड्या बांधत होता. दिवसभर तो मान वर न करता जुड्या टाकत होता. दुपारी एक जुडी आईच्या पुढ्यात आपटली, चिखल तिच्या तोंडावर उडाला.

"भावजी," आई म्हणाली, "हातात द्या की. फेकताय काय, बैलाला पेंढा टाकल्यासारखं?"

त्या भरतीनंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. शेजाऱ्याने दुसरी जुडी उचलली आणि पुढे येऊन ती आईच्या हातात दिली. "बरं, वहिनी," एवढंच म्हणाला. वडील माझ्याकडे बघून हळूच हसले. त्यांना माहीत होतं, आई ओरडते ती आपल्या माणसांवर.

त्या रविवारी तिने सबंध प्रार्थना म्हटली. भाकर घ्यायला ती सगळ्यांत आधी पुढे सरकली.