गोटी म्युझिक, नाशिक

माझा चुलत भाऊ गोटीराम याला गाण्यातलं काही कळत नाही, असं मी कधी म्हटलेलं नाही. तसं म्हणायला त्यानं निदान एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं असायला हवं. त्याचं दुकान गाण्यांचं, दिवसभर तिथं गाणीच वाजायची. पण कुठलंही गाणं अर्ध्यावर आलं की त्याचा हात बटणाकडे गेलाच. पुढचं लावायचं, मग त्याच्या पुढचं. पंगतीत बसल्या बसल्या सगळ्या पदार्थांना बोट लावून ठेवणारी पोरं असतात ना, तसला प्रकार.

आमचं घर मखमलाबादचं. शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर, हा घरचा धंदा. माझे वडील आणि त्यांचे मोठे भाऊ केरूकाका यांचे मळे शेजारी शेजारी. गोटी केरूकाकांचा एकुलता एक. उजाडायच्या आत घरातलं झाडून सगळं माणूस फुलं तोडायला बाहेर पडायचं, गोटी सोडून. त्याला म्हणे चिखलाची ॲलर्जी होती. हा शब्द त्यानं कुठून तरी उचलला होता आणि केरूकाकांना तो मोठा आजारच वाटला. बिचारे बाजारात चार लोकांना सांगायचे, "पोराला चिखल चालत नाय, डाक्टरनी सांगितलंय." कुठल्या डॉक्टरनी, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

बारावीत दोनदा आपटल्यावर काकांनी त्याला पंचवटी कारंजाजवळच्या एका बोळात गाळा घेऊन दिला. साल त्र्याण्णव असेल. बाहेर पाटी लागली, 'गोटी म्युझिक'. आत दोन डेक, कोऱ्या कॅसेटींची चळत आणि खुर्चीवर पाय पसरून बसलेला गोटी. लोकांनी आवडीची गाणी सांगायची, यानं ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायची, एवढंच काम. त्यातही यानं आपली कला घुसवली. कॅसेटची बाजू संपत आली आणि गाणं मोठं निघालं, की तो गाण्याचं शेपूट कापायचा आणि उरलेल्या जागेत, रेडिओवाल्यासारखा घोगरा आवाज काढून, स्वतःचं नाव भरायचा. "गोटी म्युझिऽऽक, नाशिक!"

म्हसरूळच्या भजनी मंडळातले फकिराबाबा एकदा तणतणत दुकानात आले. त्यांच्या कॅसेटमधल्या अभंगाचा शेवटचा चरण गोटीनं उडवला होता.

"अरे, शेवटी संताचं नाव येतं. तिथं तू कसा आलास?"

गोटी म्हणाला, "बाबा, संतांना अख्खा महाराष्ट्र ओळखतो. मला कोण ओळखतं?"

हे उत्तर तो पुढं कित्येक वर्षं लग्नाकार्यात सांगत फिरला. त्याला ते फार हजरजबाबी वाटायचं. ऐकणारेही हसायचे, म्हणून त्यांचाही मला राग यायचा.

आता माझ्या आईबद्दल सांगते, कारण खरं सांगायचं आहे ते तिचंच. गोटी मध्ये येतो, कारण मध्ये येणं हाच त्याचा जन्मभराचा उद्योग.

माझी आई लंकाबाई हळदीची गाणी म्हणायची. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, कुठंही हळद असली की तिला बोलावणं यायचं. नुसता आवाज चांगला म्हणून नाही. गाणं कुठं थांबवायचं, हे तिला कळायचं. तिचं एक गाणं होतं. नवरीला पाटावर बसवलं, हळद लावायला सुरुवात झाली, की सगळ्या बाया मिळून विचारायच्या, "मळा झाला पिवळा गं, पाटावर बसलंय कोण?" आणि एकदम गप्प व्हायच्या. टाळी नाही, ढोलकी नाही. त्या शांततेत आई एकटी उत्तर द्यायची, नवरीचं नाव घेऊन. मग नवरीच्या आईचं, मामाचं, मावशीचं, एकेका कडव्याला एकेक नाव. पण पहिलं नाव नवरीचं. त्या एका जागेसाठी ते सगळं गाणं होतं. ते नाव ऐकून नवरी रडली नाही, असं मी कधी पाहिलं नाही.

माझी हळद शहाण्णव साली झाली. त्या दिवशी गोटी टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि त्यानं आईचं गाणं भरून घेतलं. आयुष्यात त्याच्या हातून घडलेलं हे एक चांगलं काम, ते मी नाकारत नाही. तेही त्यानं नवीन माइक दाखवायला केलं, हा भाग वेगळा. बायांनी विचारलं, "पाटावर बसलंय कोण?" आणि आई म्हणाली, "छाया गं, माझी छाया." मी हळदीनं माखलेल्या हातांनी तोंड झाकलं. पुढं दोन दिवस माझं तोंड पिवळं होतं.

ती कॅसेट घेऊन मी मनमाडला सासरी गेले. नवरा रेल्वेत, त्याच्या ड्युटीला ना दिवस ना रात्र. घरात एकटी असले की मी ती लावायची. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक पाकळ्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मी पहिल्याच दिवशी सेफ्टीपिननं त्या मोडून टाकल्या होत्या.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात गोटी मनमाडला आला. तोवर त्याच्या दुकानात कॉम्प्युटर आला होता, आणि कॉम्प्युटर आल्यापासून गोटी संगीतकार झाला होता.

"छाया, कॅसेटला बुरशी लागती. मी सीडी करून देतो, जन्मभर टिकंल," तो म्हणाला. बुरशीचं खोटं नव्हतं. मी कॅसेट दिली.

त्या दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा यानं अंगणात दोन खोक्यांएवढे स्पीकर मांडले, सगळ्यांना गोळा केलं, आईला मधोमध खुर्चीत बसवलं आणि सीडी लावली. आधी कुठल्या तरी नाचाच्या गाण्यातला धाडधाड ठोका सुरू झाला. मग त्या ठोक्यावर, विहिरीत पडल्यासारखा घुमणारा माझ्या आईचा आवाज. मग बायांनी विचारलं, "पाटावर बसलंय कोण?" आणि उत्तर आलं, "गोटी म्युझिऽऽक, नाशिक!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. केरूकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसाचं सगळं आयुष्य पोराचं कौतुक करण्यात वाया गेलं.

आईनं शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "बेस हाय रं गोटी. पण माझ्या पोरीचं नाव कुठं गेलं?"

"काकू, तिथं जागा रिकामी होती. ढोलकी नाय, टाळ्या नाय. नाव टाकायला तीच जागा भारी."

"रिकामी कुठली?" आई म्हणाली. "मी व्हते की तिथं."

गोटी हसला. त्याला ते कळलंच नाही. मी तिथंच त्याच्याकडे कॅसेट मागितली. त्यानं ती दुसऱ्या दिवशी आणून दिली, माझ्या हातात ठेवताना जरासा चुळबुळलाही. मनमाडला येऊन लावली, तर तिच्यावर त्याच्या मंडळाच्या नवरात्राची अनाउन्समेंट. हरवलेल्या चपला, दांडियाची बक्षिसं आणि अध्यक्षांचं आगमन. पाठ उलटी करून पाहिली. मी मोडलेल्या पाकळ्यांच्या जागी त्यानं चिकटपट्टी लावली होती, नीट कापून, व्यवस्थित. आयुष्यात एवढं नेटकं काम त्यानं दुसरं कुठलं केलं नसेल.

फोनवर म्हणाला, "जुन्या मालाची टेप लय भारी होती गं, तशी आता येत नाय. आणि गाणं तर सीडीत आहेच की!"

"कॉम्प्युटरमध्ये साधं असेल ना? तुझ्या नावाआधीचं?"

"ते काढून टाकलं. जागा नव्हती."

म्हणजे इथंही जागाच नव्हती. माझ्या आईच्या आवाजाला त्या डबड्यात जागा नव्हती, आणि तिच्या गाण्यात याच्या नावाला होती.

मी आईला सांगितलं, एकदा परत म्हण, मी स्वतः भरून घेते. ती म्हणाली, "येडी का गं तू? लगीन झालेल्या पोरीला परत पाटावर बसवतेत का? तसलं बोलू बी नको." आमच्यात बाईचं नाव नवरी म्हणून त्या गाण्यात एकदाच येतं. हळद एकदाच लागते, तसं. हळद नसताना ते गाणं म्हणणं म्हणजे संसारावर वाईट ओढवून घेणं. मी पुष्कळ गळ घातली, ती बधली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

त्यानंतर गोटीचे दिवस पालटले. घरोघर मोबाइल आले, मोबाइलात मेमरी कार्ड आली आणि 'गोटी म्युझिक'मध्ये कार्ड भरून घ्यायला गर्दी होऊ लागली. हजार हजार गाणी खिशात घालून पोरं हिंडायची आणि त्यातलं एकही धड ऐकायची नाहीत. गोटीच्या जातीची एक अख्खी पिढी तयार झाली म्हणायची. तो प्रत्येक कार्डात आईचं गाणं फुकट टाकायचा, कारण त्यात त्याचं नाव होतं. कार्डातून ते ब्लूटूथवर गेलं, ब्लूटूथवरून डीजेवाल्यांकडे. विंचूरला वाजलं, त्र्यंबकला वाजलं, मनमाडला माझ्याच गल्लीत एका हळदीला वाजलं. मी खिडकी लावून घेतली.

मग कुणा एका बातमीदारानं पेपरात छापलं, की गोटीराम हे लोकगीतांचं जतन करणारे नाशिकचे अवलिया आहेत. त्यावरून एका गणेश मंडळानं त्याला शाल, श्रीफळ आणि 'लोककला संवर्धक' असं कोरलेली पितळी थाळी दिली. सत्काराला उत्तर देताना यानं माझ्या आईचा उल्लेख 'आमच्या भागातली एक म्हातारी' असा केला. आई गेली तेव्हा तिचे केससुद्धा पुरते पांढरे झाले नव्हते.

दोन हजार नऊ साली माझ्या थोरल्या भावाच्या मुलीची, तेजस्विनीची, हळद होती. मखमलाबादला, आईच्याच अंगणात. मी डीजे बंद करायला लावला. म्हटलं, हे गाणं इथं तोंडानं म्हटलं जाईल. लंकाबाईची पोरगी म्हणून बायांनी मला पुढं बसवलं. माझा गळा आईसारखा नाही, पण कुठं थांबायचं ते मला माहीत आहे. तेजूला पाटावर बसवलं, तिच्या गालाला हळद लागली आणि बायांनी विचारलं, "मळा झाला पिवळा गं, पाटावर बसलंय कोण?"

बाया गप्प झाल्या. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मांडवातल्या सगळ्या पोरी एका सुरात, घोगरा आवाज काढून ओरडल्या, "गोटी म्युझिऽऽक, नाशिक!"

त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी गाणं तसंच ऐकलं होतं, त्यांच्या लेखी ते तसंच होतं. मी पाटाकडे बघितलं. हळदीनं माखलेली तेजस्विनीही हसत हसत त्यांच्याबरोबर ओरडली होती. स्वतःच्या हळदीला, स्वतःच्या नावाच्या जागी. मी घेतलेलं तिचं नाव कुणालाच ऐकू गेलं नाही, तिलाही नाही.

मांडवाच्या दाराशी गोटी उभा होता. त्यानं दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला, सत्कारात करतात तसा. मग माझ्याजवळ आला.

"बघितलंस? काकूला अमर केलं मी."

मी शेजारच्या एका पोरीला विचारलं, "हे गाणं कुणाचं गं?"

ती म्हणाली, "गोटीकाकांचं."

मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी याचं तोंड उतरेल. तो लाजला. खरोखर लाजला, कौतुकानं.

ती सीडी मी अजून टाकलेली नाही. तिच्यात गोटीची एक चूक राहून गेली आहे. नाव टाकताना त्यानं जागा नीट मोजली नाही, त्याचा आवाज किंचित उशिरा सुरू होतो. म्हणून बायांनी विचारल्यावर, त्याच्या आधी, आईचं 'छा' ऐकू येतं. तेवढंच. दुपारी घरात कुणी नसलं की मी सीडी लावते. तो धाडधाड ठोका सोसते, बायांचा प्रश्न ऐकते, बोट बटणावर ठेवते. आई 'छा' म्हणते आणि मी बंद करते, गोटी बोलायच्या आत.