उपरण्याखालचे हात

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच सांगतो. मी माजलगावचा म्हशींचा व्यापारी. कोणाच्या आधाराशिवाय धंदा उभा केलाय, आणि बाजारात अंगात येणारे, लिंबू फिरवणारे भरपूर बघितलेत. तरी लिहितोय, कारण मलाच याचा मेळ लागत नाही...

दोन वर्षांपूर्वी मांजरसुंब्याला, धाब्यामागच्या कडुलिंबाखाली, भर दुपारी नामदेवशी त्याच्या एका म्हशीचा सौदा केला. नामदेव चौसाळ्याचा, म्हशी पाळतो, माझा जुना दोस्त. भोवती दुसरे व्यापारी असले की आम्ही भाव तोंडानं सांगत नाही. उपरण्याखाली हात घालून समोरच्याची बोटं दाबतो, एक बोट म्हणजे दहा हजार. मी त्याची चार बोटं दाबली, त्यानं मान हलवली. मी लगेच म्हशीचे दोन फोटो काढून, ती पुढं माझ्याकडून घेणाऱ्या डेअरीवाल्यांना मेल केले.

मी पैसे देताना नामदेव म्हणतो, तू पाच दाबलीस. मी भडकलो, तोही भडकला. सगळ्यांसमोर म्हणाला, "का रं, एक बोट खाल्लं व्हय?"

तेव्हापासून बोलणं बंद. बाजारात जो तो मला बोटं मोजून दाखवायचा. या धंद्यात शब्द गेला की माणूस गेला. आणि उपरण्याखालचा साक्षीदार आणायचा कुठून?

म्हणून ठरवलं, यापुढं प्रत्येक सौदा मेलवर. एकही मेल हरवू नये म्हणून भाचीला, ऋतुजाला, जुने-नवे सगळे मेल डेटाबेसमध्ये भरायला लावले. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका टेबलात मेल, दुसऱ्यात त्यांना जोडलेले फोटो आणि कागद. प्रत्येकावर आपापल्या मेलचा नंबर.

दिवाळीत ती आली, तेव्हा मी त्या सौद्याच्या दिवसाचा मेल उघडायला सांगितला. राग काही गेला नव्हता. बघतो तर फोटो तीन. मूळ मेलमध्ये मात्र दोनच.

"मामा, मेलमध्ये नाही ते इथं येऊच शकत नाही," ऋतुजा म्हणाली. मग मीच तो आत घातला, असा संशय घेतला. मला त्यातलं काय कळतंय?

तिसरा फोटो उपरण्याखालचा होता. आतून काढलेला — कापडातून झिरपणारा तांबूस उजेड, माझी तांब्याची अंगठी, नामदेवच्या अंगठ्यावरचा विळ्याचा वण. आणि आणखी दोन हात. एकाची चार बोटं माझ्या मुठीत. दुसऱ्यानं नामदेवची पाचही आवळलेली. आमचे हात एकमेकांना लागलेच नव्हते. त्या दोन हातांना मनगटामागं काहीच नव्हतं, नुसता अंधार...

तो फोटो मोबाईलवर घेऊन चौसाळ्याला गेलो. नामदेव गोठ्यात होता. त्यानं फोटो बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता शिव्या देणार.

"तवा हात लई गार लागलता," तो हळूच म्हणाला. "म्हनलं, तुजाच आसंल."

मलाही गार लागला होता. वैशाखाच्या उन्हात. मी हे कोणाला बोललो नव्हतो.

त्यानं चहा सांगितला. आता आम्ही बोलतो, सौदेही करतो, पण भाव तोंडानं, चारचौघांत. उपरणं कोणीच पसरत नाही.

ऋतुजानं सगळा प्रोग्राम तपासला, काही सापडलं नाही. फोटो काढून टाकू का, विचारते. ठेव म्हणालो. माझा तेवढाच साक्षीदार आहे. पण दोन वर्षं मला खोटं ठरवलं कोणी? नामदेवनं नाही, हे आता दिसतंय. मग भांडू कोणाशी?