सरळ चालण्याचं शिक्षण

माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे. लहानपणी पोलिओ झाला. घरात यावर बोलायला आईची सक्त मनाई होती. आमच्या हळर्ण गावात एका घरात बोललेलं चहा उकळेपर्यंत तिसऱ्या घरी पोचतं.

आठव्या वर्षापासून तिने मला सरळ चालायला शिकवलं. डोक्यावर काठोकाठ भरलेली कळशी, विहिरीपासून तुळशीपर्यंत. पाणी सांडलं की पुन्हा विहीर. "सरळ चल गो, लोक बघतत." दहा वर्षांत पाणी सांडायचं थांबलं. बघायला येणाऱ्यांना माझी चाल पसंत पडायची. मग गावातलं कोणीतरी त्यांना आपणहून बसपर्यंत सोडायला जायचं. लग्न काही जमलं नाही, पण चाल उत्तम झाली.

आता मी पन्नाशीची, आई ऐंशीला टेकलेली. गेल्या वर्षी तीच म्हणाली, "माझ्या मागे तुका कोण बघतलो? पेन्शनीचो कागद कर." पंचायतीत कळलं, निदान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. त्याखाली काही नाही.

इस्पितळात जायला मी इस्त्रीची साडी नेसले, आईने केसांत अबोली माळली. सरकारी कामाला नीटनेटकं जावं, एवढंच आम्हाला ठाऊक. डॉक्टरांनी टेपने पाय मोजले आणि दारापर्यंत चालायला सांगितलं. खोलीत तीन अनोळखी माणसं बसलेली. मी चालले. डोक्यावर कळशी असती तर थेंब सांडला नसता.

"छान चालता की," डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले.

 माणसांसमोर खरं चालायला मला कोणी शिकवलंच नव्हतं.

आई स्टुलावरून उठली. "डॉक्टर, माझां चेडू लंगडां आसा. मीच लपयलंय."

लेकीसाठी 'लंगडां' हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आधी लाज वाटली, मग तिचा भयंकर राग आला, मग इतकं हलकं वाटलं की रडू फुटलं. मी पुन्हा चालले, घरात एकटी असताना चालते तशी. आई तेवढा वेळ भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत होती.

कागदावर पंचेचाळीस टक्के लिहिले गेले.

 परतीच्या बसमधून हळर्णला उतरलो तर नाक्यावर पाचसहाजण बसलेले. तिने माझा दंड धरला.

"सरळ चल गो," ती पुटपुटली, "लोक बघतत."

मी सरळ चालले.