काकूंच्या जिभेची सोनोग्राफी

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की उत्तराची वाट न बघताच पुढचा प्रश्न विचारतात. मी "हं" म्हणून सटकते. हल्ली त्यांचे शब्द अडखळू लागले होते. स्नायू हलवणाऱ्या नसांचा आजार तर नाही ना, हे बघायला त्यांच्या डॉक्टरांनी जिभेची सोनोग्राफी सांगितली. काकूंनी सोबत मला नेलं.

हनुवटीखाली जेल लावून डॉक्टर म्हणाल्या, "जीभ सैल सोडा. ती आपोआप फडफडते का, तेवढंच बघायचंय."

"सोडली की," काकू म्हणाल्या.

"बोलू नका."

"कुठं बोलतेय? भीती वाटली की मी लई बोलते, बाई."

माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. शेवटी मीच तोंड उघडलं. "काकू, तो सांगोल्याचा मुलगा मला बघायला आला होता ना, त्याचं सांगते."

काकू गप्प झाल्या. पडद्यावर जीभ निवांत पडून राहिली. मी सगळं सांगितलं, अगदी स्वतःच्या आईला विचारून त्यानं चहात साखर घेतली तेही.

"फडफड अजिबात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मग, पुढं काय झालं?"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या अपार्टमेंटला कळलं होतं की काकूंची जीभ ठणठणीत आहे आणि मी नकार दिलाय.