गोधडीतला मधला तुकडा

या गोधडीबद्दल मी चिकार बोलले आहे. एक गोष्ट मात्र आजवर तोंडातून निघाली नाही — नवऱ्याजवळ नाही, चर्चमध्ये फादरांजवळही नाही. तिथं मी राग, आळस अशी किरकोळ पापं सांगून उठते.

गोधडी आजीच्या लुगड्यांची. टाकाही तिनंच शिकवलेला. पाहुणे आले की मी ती काढते आणि कुठला तुकडा कधीचा हे शाळेतल्या बाईंनी धडा समजावावा तसं सांगते. मधल्या निळ्या तुकड्याशी आले की माझा हात पटकन पुढे सरकतो.

आमच्या वसईच्या वाडीत म्हाताऱ्या बायका शेवटच्या दिवसाचं लुगडं आधीच काढून ठेवायच्या. आजीचं लाल होतं, लग्नातलं — पेटीच्या तळाशी, पांढऱ्या फडक्यात. मला तिनं ते दाखवलं होतं. म्हणजे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. मग का घेतलं? मध्यभागी लाल हवं होतं आणि बाकीची लुगडी विटलेली — एवढंच. आजी अंथरुणाला खिळली होती, पण खात-पीत होती. म्हटलं, सावकाश दुसरं आणून ठेवू. तिची सेवा करणारी काकी बाजारात गेली होती. काकीच्या उशीखालची किल्ली मी घेतली, पेटी उघडून परत जागेवर ठेवली, आणि विरारला माझ्या घरी येऊन लुगड्याला कात्री लावली.

तीन आठवड्यांनी आजी गेली.

पेटी उघडली तेव्हा मी दारातच उभी होते. फडकं होतं, लुगडं नव्हतं. किल्ली काकीकडे — सगळ्यांच्या नजरा काकीवर. आत्या सरळ म्हणाली, "माहेरी दिलंस ना?" काकी रडायला लागली. आणि मी? मी तिला पाणी आणून दिलं. आजीला शेजारणीच्या लुगड्यात पुरलं. त्याच आठवड्यात मी लाल तुकड्यावर निळा शिवून टाकला, अगदी बारीक टाक्यांनी.

आत्या मरेपर्यंत काकीशी बोलली नाही.

गेल्या नाताळात काकी माझ्याकडे राहायला आली. ऐंशीची झालीय. थंडी वाजते म्हणाली, सासूबाईंची गोधडी दे म्हणाली. पांघरून पडल्या पडल्या ती हात फिरवत राहिली. "इथं मधे जाड लागतं," म्हणाली. मग थोड्या वेळानं — "ते लुगडं मीच कुठं तरी ठेवून विसरले असणार, बाय. एवढे जण म्हणत होते, ते काय उगाच?"

इतकी वर्षं जी 'मी नाही घेतलं' म्हणत आली, ती आता स्वतःवरच संशय घेत होती. माझ्या एका वाक्याचं काम होतं. तिचा हात त्याच तुकड्यावर होता.

"असेल, काकी," मी म्हणाले, आणि गोधडी तिच्या गळ्यापर्यंत ओढली.