संस्थानची हद्द आणि आबांचं अंगण

माझी पाठवणी वरंध घाटाच्या माथ्यावर, वाघजाईच्या देवळाजवळच्या भज्यांच्या टपरीसमोर झाली. रडारड अंगणातच उरकली होती, पण आमच्या वाडीची रीत अशी, की गावकीची माणसं नवरीला घाटमाथ्यापर्यंत पोचवायला जातात. माणसं आली, त्यांनी कांदाभजी खाल्ली, माझ्या ओटीतल्या नारळावर टपलेल्या माकडाला हाकललं. मग वऱ्हाडाच्या जीपमधून माझे सासरे उतरले, धोतराचा सोगा सावरला, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "सूनबाई, इथून आपल्या संस्थानची हद्द सुरू."

मी इकडेतिकडे बघितलं. बांधकाम खात्याचा एक गंजका फलक, एक फुटका कठडा, आणि तेच माकड. भोर संस्थान विलीन होऊन पिढी उलटली होती. देशात सगळ्यांना कळलं होतं, आमच्या मामंजींना तेवढं कुणी कळवलं नव्हतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "राजधानीच्या पायथ्याची हायेस गो. मान खाली घालू नको." मग गावकी खाली उतरली आणि मी संस्थानात शिरले.

हे मी लिहितेय ते वाडीत राहिलेल्यांसाठी, आणि वाडीला कुलूप लावून नालासोपाऱ्यात जाऊन बसलेल्यांसाठी. तुम्ही मुंबईला गेलात, कुणी मस्कतला गेलात. तुमच्याबद्दल गाव म्हणतं, पोरगा नोकरीला गेला. माझ्याबद्दल म्हणतं, पोरगी दिली. वाटीभर कालवण शेजारी द्यावं तशी दिली. वाटी तरी परत येते.

भोर कसं आहे ते ऐका. नीरेच्या काठी बसलेलं गाव. दक्षिणेला रोहिडा, चहूकडे डोंगर, आणि डोंगरांत धरणं. भाटघरचं तर इंग्रजांच्या काळातलं, त्याची कौतुकं ऐकून माझे कान किटले. पाणी सगळं डोंगरपट्ट्यात अडवायचं आणि खाली ऊसवाल्यांना पाजायचं, यात एवढं काय मिरवायचं? मधोमध राजवाडा. लाकडी खांब, चौकामागून चौक, नक्षी. वाडा देखणा आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या जिवावर अख्खं गाव नाकाने कांदे सोलतं. सिनेमावाले येतात, वाड्यात खोटे राजे बसवतात, आणि गल्लीतली माणसं गर्दीत उभी राहायला मिळावं म्हणून पहाटेपासून ताटकळतात. खऱ्या राजाची सवय गेली, पण मुजरा करायची खाज काही जात नाही.

भूगोल मामंजींनी मला पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतला. संस्थानात राजगड आपला, तोरणा आपला, रोहिडा आपला, पवन मावळ आपलं, आणि घाटाखाली सुधागड-पालीसुद्धा आपलं. "आणि महाड?" मी विचारलं. मामंजी जरा थांबले. महाड त्यांच्यात नव्हतं. "ते इंग्रजांकडे," म्हणाले, जणू आम्हाला खरूज झाली होती. मी मनात म्हटलं, आम्ही इंग्रजांचे होतो तर होतो. तुमचे राजे त्याच इंग्रजाच्या साहेबापुढे लवत होते आणि त्यावर तुम्हाला तोफांची सलामी मोजायला मिळत होती. आणि इतिहासच काढायचा तर माझं आजोळ पाचाडचं. मामाच्या खानावळीच्या पडवीत ताटावर बसलं की समोर रायगड. महाराजांचा राज्याभिषेक झाला ती राजधानी. तुमचे भोरवाले तिथल्या अष्टप्रधानांतले सचिव. सचिवाच्या गावाने राजधानीच्या पायथ्याच्या पोरीला हद्द शिकवायची म्हणजे कमालच!

आता मानाचं सांगते. लग्न ठरवताना मध्यस्थाने आबांना सांगितलं होतं, "घराणं दरबारातलं. मानकरी हायत." आबा एवढे फुगले, की गावकीच्या बैठकीत तीनदा बोलून दाखवलं. माझी लेक दरबारी घरात चालली. वाडीतल्या बायका मला बघायला आल्या, जणू तोपर्यंत त्यांनी मला कधी बघितलंच नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मामंजींनी ट्रंकेतून ठेवणीतली पगडी काढली, अंगरखा झटकला, आणि देवघरातून लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उचललं. मी वाकून बघितलं. पितळेची पिकदाणी!

आमच्या घराण्याचा मान म्हणजे दरबारात डाव्या बाजूला, एक पाऊल मागे, पिकदाणी धरून उभं राहायचं. सरकारांनी विडा खाल्ला की पुढे व्हायचं. झालं की मागे. पिढ्यान्पिढ्या हेच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! मी मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. सासूबाईंना वाटलं, सून भारावून रडतेय. आता दरबार नाही, विडा खाणारे नाहीत, थुंकणारे तर नाहीतच. तरी जुन्या आठवणीने जी काय थोडी माणसं दसऱ्याला जमतात, त्यांत मामंजी जातात, मागे उभे राहतात आणि कोरडी पिकदाणी घेऊन परत येतात. माझा नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तो सरळ म्हणाला, "मला ग्रीसचे हात धुवायला वेळ मिळत नाही, मी ती कुठे धरू?" त्या दिवशी नवरा पहिल्यांदा आवडला.

आबांना मी ते जाईपर्यंत हे सांगितलं नाही. ते विचारायचे, "दरबारात मान हाय ना गो?" मी म्हणायचे, "हाय आबा, अगदी सरकारांच्या जवळचा."

भोर ते आमची वाडी, मध्ये नुसता घाट. पण पाऊस लागला की दरडी येतात आणि रस्ता बंद. मग वाई, महाबळेश्वर, आंबेनळी करत पोलादपूरच्या स्टँडवर उतरायचं, तिथून महाड, तिथून वरंधची गाडी मिळाली तर मिळाली. डोंगराच्या पलीकडे आय, आणि मी धुक्यात उलट्या करत दुसऱ्याच जिल्ह्यातून फिरतेय. घाट दरवर्षी दुरुस्त होतो आणि दरवर्षी कोसळतो. दुरुस्त करणाऱ्यांचे बंगले तेवढे जागच्या जागी असतात.

आबा गेल्यावर आय एकटी राहिली. माझा भाऊ संतोष नालासोपाऱ्याला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी रायगडाचा फोटो टाकतो, खाली लिहितो, आपली माती आपली माणसं. मातीत हात घालायला मात्र वर्षातून गणपतीत येतो, तोही हातमोजे घालून आल्यासारखा. "तायडे, गावाला स्कोप नाय," म्हणतो. "आयचं इकडे मेडिकलचं बघतो ना मी. टेन्शन नको घेऊ." मागच्या दिवाळीनंतर तो आयला घेऊन गेला. दाराला कुलूप लागलं. आयने जाताना माझ्याकडे फोनवर एकच गोष्ट मागितली, "शिमग्याला पालखी आपल्या दारात थांबली पायजे गो. मी जिती हाय तंवर तरी."

बाहेरच्यांना सांगायला हवं. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. अंगणात पाटावर टेकते, घरची बाई ओटी भरते, आणि गावकीचा म्होरक्या घरधन्याचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालतो, की आई, याला आणि याच्या लेकराबाळांना सांभाळ. दाराला कुलूप दिसलं की पालखी पुढे जाते. एकदा पुढे गेली की ते घर फेरीतून सुटतं. घर उभं असतं, पण गावाच्या लेखी ते मेलं. हा कडक नियम जपतं कोण, तर गावाचं मुंबई मंडळ. ज्यांच्या स्वतःच्या घरांना कुलपं, ते नालासोपाऱ्यात सभा घेऊन ठरवतात की कुलपाच्या घरी देवी थांबायची नाही. त्यांची घरं शिमग्यापुरती दोन दिवस उघडतात, बिर्याणीच्या पातेल्यांनी भरतात, परत बंद. आणि संतोषला यंदा नेमकी सुट्टी नव्हती.

मी म्हटलं, मी जाते. नवऱ्याच्या डेपोत शिमग्याच्या जादा गाड्या, त्याला सुट्टी नाही. मामंजी म्हणाले, "सूनबाई एकट्या हद्दीबाहेर जाणार? ते काही नाही." आणि ऐंशीच्या घरातला म्हातारा पगडी, अंगरखा चढवून एसटीत माझ्या शेजारी येऊन बसला. अख्खी गाडी बघत होती. मी खिडकीकडे तोंड केलं. वाघजाईला गाडी थांबली तेव्हा परत म्हणाले, "इथे आपली हद्द संपली." मी म्हटलं, "हो, आता माझी सुरू."

दार उघडलं, अंगण सारवलं, पाट मांडला. ढोल जवळ आला. पालखी आली, आणि महादूकाका, आमच्या गावकीचे म्होरके, मला बघून थबकले. ज्यांनी माझ्या आयच्या हातची भाकरी आयुष्यभर खाल्ली ते महादूकाका म्हणाले, "सुगंधा, संतोष नाय आला? मग गाऱ्हाणं कोणाच्या नावानं घालू? तू तर भोरची पावनी. पावनीच्या नावानं गाऱ्हाणं नाय घालत." आणि भोयांना खूण केली, चला. पालखी खांद्यांवर तशीच वळायला लागली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात पडवीतून मामंजी बाहेर आले. पगडी बघितली आणि सगळी वाडी चपापली. कुणीतरी कुजबुजलं, "सुगंधाचे सासरे. दरबारातले मानकरी." महादूकाकांचा आवाजच बदलला. "असं होय! या, या." पालखी लगेच पाटावर टेकली. मी ओटी भरली. महादूकाकांनी हात जोडून सुरुवात केली, "आई, आज ह्या अंगणात भोर दरबारचे मानकरी पाय लावून..."

आधी मला हसू आलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. याच अंगणात मी रांगले, याच अंगणात आबांना शेवटचं निजवलं, तेव्हा मी पावनी. आणि ज्यांच्या सात पिढ्या पिकदाणी धरून उभ्या राहिल्या, ते एका पगडीवर घरधनी! म्हटलं, "काका, थांबा. घर त्यांचं नाय. घर माझ्या आबांचं हाय. नाव घ्यायचं तर आबांचं घ्या आणि त्यांच्या लेकीचं घ्या. नायतर उचला पालखी."

"लेकीचं नाव कधी घेतलंय गो?"

"नाय ना? मग आज घ्या."

ढोलवाल्यांनी टिपऱ्या खाली केल्या. महादूकाकांनी मामंजींकडे बघितलं, पुरुषमाणसाने पुरुषमाणसाकडे बघावं तसं, की आवरा तुमच्या सुनेला. मामंजी हळूच सरकले आणि माझ्या डाव्या बाजूला, एक पाऊल मागे येऊन, हात पुढे बांधून उभे राहिले. तसं उभं राहायला त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. महादूकाकांनी घसा खाकरला आणि कडू काढा गिळल्यासारखं तोंड करून म्हणाले, "आई, आबाजीची लेक सुगंधा तुझ्या पायाशी आली हाय. तिला आणि तिच्या घराला सांभाळ." मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर, आणि लाज नाही वाटली.

म्हणून मामंजींबद्दल माझं मत फार बदललं असं समजू नका. परतीच्या गाडीत ते घाटमाथ्यापर्यंत मला दरबारात उभं राहण्याच्या पद्धती समजावत होते. मी झोपेचं सोंग घेतलं.

आयला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "खणानं भरलीस ना ओटी?" म्हटलं, खणाने भरली. संतोषचा फोन संध्याकाळी. "तायडे, कशाला इश्यू केलास? मंडळात लय बोलतायत." मी म्हटलं, बोलू दे. बोलायला त्यांना भाडं लागत नाही.

भोरमध्ये मी वीस वर्षांत कुणाशी भांडले नाही. तिथे मी नाक मुरडते आणि घरी येऊन हसते, मला तेवढं पुरतं. वाडीत मात्र माझ्याने गप्प बसवलं नाही. घर कुठलं ते मला त्यावरून कळलं.

तर मुंबई मंडळींनो, पुढच्या शिमग्याला सुट्टी मिळाली तर या. नाही मिळाली तर नका येऊ. पालखी आबांच्या अंगणात थांबेल. मी दारात उभी असेन आणि त्या खेपेला मामंजींची पगडी भोरलाच ठेवून येईन.